मुरुमं म्हणे!

इकडे या, डॉक्टरसाहेब. हा केसपेपर तुमचाच ना? ‘मुरुमं. डॉक्सीसायक्लिन. पंधरा दिवसांनी.’ झालं? दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडणारी पंचेचाळिशीची बाई, रोज बुडवून पहाटेच्या एसटीनं धुळ्याला आली, आणि तू मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाहीस. पाहिलं असतंस तर त्या गालांवर एकही ब्लॅकहेड नाही, हे दिसलं असतं. या वयात नाका-गालांवर फोड, पू आणि ब्लॅकहेड एकही नाही, तरी रोझेशिया तुझ्या डोक्यात येत नाही?

‘सर, तो गोऱ्यांचा आजार.’ पुस्तकातले फोटो गोऱ्यांचे आहेत रे, आजार नाही. सावळ्या कातडीवर लाली तपकिरी दिसते, कधी दिसतच नाही, म्हणून तर विचारायचं असतं. चुलीपुढे बसलं की तोंड पेटतं का? शेवभाजीचा रस्सा खाल्ल्यावर? मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा? काचपट्टी दाबून लाली विरते का ते पाहायचं, डर्मोस्कोप लावायचा. तो खिशात मिरवायला दिलेला नाही.

मागच्या आठवड्यात मुक्ताईनगरचे ते बाबा आले होते. नाक सुजून खडबडीत झालेलं, गळ्यात तुळशीची माळ, आणि तू सगळ्या रांगेसमोर विचारलंस, ‘बाबा, रोज किती घेता?’ मला मान खाली घालावी लागली. नाकाच्या त्या वाढीला रायनोफायमा म्हणतात आणि दारूला न शिवलेल्या माणसालाही तो होतो.

प्रकार तुला तोंडपाठ आहेत, मान्य. 2002 साली अमेरिकेतल्या नॅशनल रोझेशिया सोसायटीच्या तज्ज्ञांनी चार मांडले: लाली आणि फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा, फोड-पुवाचा, जाड कातडीचा, डोळ्यांचा. पुढे 2017 मध्ये त्याच सोसायटीनं ती वाटणी मोडून एकेक लक्षण स्वतंत्र पाहायला सांगितलं, कारण एकाच चेहऱ्यावर दोन-तीन प्रकार एकत्र नांदतात. इतकं वाचायचा तुला कंटाळा. या बाईचे डोळे चुरचुरतात, रांजणवाडी सारखी उठते. हे तिनं मला सांगितलं. तू विचारलंच नव्हतंस.

आता तुझं लाडकं पालुपद. ‘डॉक्सीसायक्लिननं गुण येतो, म्हणजे जंतुसंसर्गच!’ अरे, हळूहळू सुटणाऱ्या 40 मिलिग्रॅमच्या गोळीनंही गुण येतो, आणि तेवढ्या मात्रेत ती जंतू मारत नाही, दाह शमवते. मग तुझा तर्क कुठं उभा राहतो? सेमिनारमध्ये 2007 चा आयर्लंडचा शोधनिबंध मोठ्या ऐटीत सांगितलास. रुग्णाच्या चेहऱ्यावरच्या डेमोडेक्स माइटमधून बॅसिलस ओलेरोनियस वेगळा केला. त्याच्या प्रथिनांनी 22 पैकी 16 रुग्णांच्या रक्तपेशी चेतवल्या. बरोबर. आणि आजार नसलेल्या 17 जणांपैकी 5 जणांच्याही चेतवल्या, तो आकडा कुठं गेला? तू गाळलास. डेमोडेक्स तुझ्या-माझ्याही तोंडावर आहे. रोझेशियात तो वाढतो, एवढं खरं. पण तो वाढल्यानं दाह होतो की दाहामुळे तो वाढतो, याचा निकाल अजून लागलेला नाही, आणि तू मात्र लावून मोकळा झालास.

बरं, तिची पिशवी उघडून पाहिलीस? आत ट्यूब होती. जळगावातल्या कुठल्याशा मेडिकलवरून ‘गोरं व्हायची क्रीम’ म्हणून घेतलेली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. म्हणजे स्टेरॉइड! 2018 च्या मार्चमध्ये सरकारनं असल्या मलमांची चिठ्ठीशिवायची विक्री आवळली, तरी काउंटरवर मागितलं की मिळतंय. महिनोन्‌महिने चोळलं की हुबेहूब रोझेशियासारखंच तोंड होतं, आणि आधीचा रोझेशिया असेल तर तो आणखी चिघळतो. तिचं मूळ दुखणं यातलं कोणतं, ते ट्यूब सुटल्याशिवाय कळायचं नाही. आणि ट्यूब सोडली की पहिले काही आठवडे तोंड आणखी भडकणार. हे आधी सांगितलं नाही, तर ती घाबरून पुन्हा त्याच मेडिकलवर जाईल.

फोन नंबर केसपेपरवर आहे, तेवढा तरी लिहिलास. तिला फोन लाव, ट्यूब बंद करायला सांग, पुढं काय होईल तेही नीट समजावून सांग. नेत्रविभागाला चिठ्ठी लिही, बुबुळाला इजा आहे का ते त्यांना पाहू दे. आणि मुक्ताईनगरच्या बाबांनाही फोन कर, त्यांची माफी माग.