शेजाऱ्याची भाषा

विद्यापीठातील साहित्याचा अभ्यास बहुधा स्वभाषेच्या गौरवातच संपतो. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने १९१९ साली भारतीय भाषांचा एम. ए.चा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात मुख्य भाषेबरोबर दुसरी एक भारतीय भाषा शिकणे आवश्यक होते. हे जादा ओझे कशासाठी?

मला ही अट मुळात नैतिक वाटते. स्वभाषेवरील प्रेम आपसूक जडते. दुसऱ्याची भाषा शिकताना मात्र आपले अज्ञान आधी कबूल करावे लागते. आणि ज्याच्यापुढे आपण अडखळतो, त्याला तुच्छ लेखणे कठीण जाते.

परप्रांती नोकरी करणारे आपण म्हणू, ‘मुलांचे मराठी टिकविता टिकविता पुरेवाट होते, त्यात हे आणखी कोठे?’ ही चिंता खोटी नाही. परंतु सखाराम गणेश देउस्करांचे उदाहरण पाहावे. मराठी कुळातील हे गृहस्थ देवघरच्या परिसरात वाढले आणि बंगालीत लिहू लागले. त्यांच्या ‘देशेर कथा’ (१९०४) या ग्रंथावर १९१० साली सरकारने बंदी घातली. बंगाली वाचकांपुढे शिवाजीमहाराजांची थोरवी मांडणारेही तेच. बंगाली आत्मसात केल्याने त्यांचे मराठीपण उणावले नाही. ते इतरांच्या उपयोगी पडले.

कलकत्त्यात माझी अनेक वर्षे गेली, पण बंगाली मी बाजारहाटापुरतेच शिकलो. शेजाऱ्यांनी मला कधी परका मानले नाही; परका राहिलो तो मीच. ज्या गावचे अन्न खाल्ले, त्याचे हे ऋण अजून माझ्या माथी आहे.