जामीन कोण राहणार?

‘एखादं चांगलं पुस्तक सुचवा’ असं म्हटल्याबरोबर भला माणूससुद्धा गळ्याचं बटण लावतो. एका सद्गृहस्थांना मी हे एसटीत विचारलं, तेव्हा त्यांनी एका क्षणात ‘गीतारहस्य’ सांगितलं. त्यांच्या मांडीवर त्या वेळी बाबूराव अर्नाळकर होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, पण झुंजारचं पिस्तूल कुठे लपतं?

आता प्रश्न असा की, आपण सांगायचं काय? जे आवडलं ते, की जे आवडायला हवं होतं ते?

माझ्यापुरतं म्हणाल तर मी बी. कॉम. मनुष्य. राहतो एकोडीला, नोकरी बँकेत, आणि वाचन जे हाताला लागेल ते. त्यामुळे मतंही तशीच. ‘गीतारहस्य’ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने लिहून काढलं. ते १९१५ साली छापून आलं. ग्रंथ थोरच. पण त्यात कर्मयोग सांगितलाय. वीस पानं झाली की मला वाटतं, आपण नुसतं बसलोय काय? मी उठतो आणि दळण आणायला जातो. असा हा ग्रंथ मी गेली अनेक वर्षं आचरणात आणतोय, वाचून व्हायचाय.

खांडेकरांचं ‘ययाति’ १९५९ सालचं. खांडेकरांना पुढे ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. मला ते वाचताना एकच गोष्ट छळत राहिली. बापाने पोराचं अख्खं तारुण्य उसनं घेतलं. ना मुदत, ना तारण, ना साक्षीदाराची सही! ‘कोसला’ तर मी पूर्णपणे वडिलांच्या बाजूने वाचली. पांडुरंग सांगवीकर पुण्यात तत्त्वज्ञान करतोय आणि गावाकडून पैसे येताहेत. मी पान उलटायचो आणि मनात म्हणायचो, अरे, हिशेब दे! (माझा मुलगा सध्या नागपूरला शिकतो, याचा या मताशी संबंध नाही.)

आणि मारुती चितमपल्ली. त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचलं आणि चिडलो. नवेगावबांध आता गोंदिया जिल्ह्यात असलं तरी १९९९ पर्यंत आमच्याच भंडाऱ्यात होतं. वनखात्याचा हा अधिकारी बाहेरून येतो आणि आमच्या तलावावरची पाखरं आम्हालाच ओळखून देतो! आम्ही जन्मभर त्यांना ‘पाखरं’ एवढंच म्हणत आलो. त्यानंतर संध्याकाळी तलावाच्या पाळीवर थोडा जास्त वेळ थांबायला लागलो. अशी चीड आणणारी पुस्तकं फार थोडी.

ही मतं घरात ठीक होती. पण यंदा गावातली एक बारावीतली मुलगी आली. रोवणीच्या मजुरीतले तीनशे रुपये तिच्या मुठीत. “काकाजी, शाळेचं नाही, आपल्या मनाचं एक बुक घ्याचं आहे. कोनतं घेऊ जी?”

वाचकहो, तीनशे रुपये म्हणजे त्या पोरीचं गुडघाभर चिखलात वाकणं. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर मला एक कळतं : दुसऱ्याच्या पैशावर सल्ला देणं म्हणजे जामीन राहणं. आणि ज्या ऋणकोला आपण नीट ओळखत नाही, त्याला केवळ तो मोठ्या घरचा आहे म्हणून जामीन राहू नये. अशी खाती पुढे कशी होतात ते मी रोज बघतो.

शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, “तुझी आवड म्हणजे चिवडा. पोरीला पौष्टिक काही सांग.” गुरुजींचं अगदीच चूक नव्हतं. मला झुंजार आवडतो म्हणून तिने तीन दिवसांची मजुरी झुंजारवर लावावी, हे मलाही पटेना. पण मला जिथे झोप लागली तिथे “अहाहा” म्हणणंही जमेना. पौष्टिक म्हणून नरड्याखाली घातलेलं पहिलं पुस्तक बऱ्याच जणांचं शेवटचं ठरलंय. त्यातले दोघे आमच्याच शाखेत आहेत.

शेवटी मी तिला सगळंच सांगितलं. कुठे हसलो, कुठे चिडलो, कुठल्या पानावर डुलकी आली, कुठून दळणाला गेलो. नाव कुठलंच सुचवलं नाही. गुरुजी म्हणाले, ही पळवाट झाली. असेल.

तिने ‘ययाति’ घेतलं. मी ज्याच्याबद्दल सर्वांत कमी गोड बोललो होतो, तेच.

महिन्याभराने पासबुक भरायला आली. रांगेत मागे सहा माणसं, आणि आमचं छपाईयंत्र नेहमीप्रमाणे समाधी लावून बसलेलं.

“काकाजी, देवयानीचं काय चुकलं जी? सारे तिलेच बोलतेत. मले तं तिचंच पटलं.”

मी ययातीच्या कर्जाचा मुद्दा काढला. ती म्हणाली, “ते राहू द्या. पहिले देवयानीचं सांगा.”

मागून एका आजोबांनी मान पुढे काढली. “कोनती देवयानी जी? आपल्या गावातली का?”

“नाही, आजोबा,” ती म्हणाली, “पन थांबा, सांगतो तुमाले.” आणि यंत्र सुरू होईपर्यंत सहाही जणांना तिने शर्मिष्ठेपर्यंत आणून सोडलं होतं.