उसन्या दुःखाची अमानत

दुसऱ्याचे दुःख आपण आपल्या बोटांनी वाजवावे काय? मेढ्यासारख्या जावळीच्या डोंगरातल्या गावात आम्ही साध्या लाकडी गिटारवर संथ ब्लूज शिकू लागलो, तेव्हा लोकांनी वेगळेच विचारले : मुसलमानाने वाद्य वाजवावे का? त्यावर उलेमांत शतकानुशतके मतभेद आहेत. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे याला मोठे महत्त्व दिले. ते मानले तरी पहिला प्रश्न उरतोच. मनात काय घेऊन वाजवायचे?

ब्लूज हे अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या वंशजांचे गाणे. कापसाची शेते, तुरुंग, उपासमार यांतून ते आले. पश्चिम आफ्रिकेतून पकडून नेलेल्यांत मुसलमानही होते. सिल्व्हियान डिउफ यांनी त्यांचा इतिहास 'सर्व्हंट्स ऑफ अल्लाह' (१९९८) या ग्रंथात मांडला. त्या शेतमजुरांच्या लांबवलेल्या हाकांत अजानच्या स्वरांचा माग त्यांना लागतो. हे मत सर्वांना मान्य नाही. आम्हाला ते ऐकून आनंद झाला, हे खरे. पण नाते सिद्ध झाले म्हणून हक्क सिद्ध होत नाही. चाबूक त्यांच्या पाठीवर पडला, आमच्या नव्हे.

मग हक्क कशाने मिळतो? याचे उत्तर संथपणातच असावे. ब्लूजचा साचा लहान आहे : बारा खंडांचे आवर्तन, मुख्य तीन कॉर्ड. द्रुत वाजवले तर कच्चा हात झाकला जातो. संथ लयीत एकेक स्वर उघडा पडतो. साध्या गिटारचा स्वर लवकर विझतो. पुढच्या स्वरापर्यंतची शांतता सोसावी लागते. पोलादी तार बोटाने बाजूला ओढून कोमल आणि शुद्ध गंधारामधली जागा शोधावी लागते. बोटांना घट्टे पडतात, तरी ती जागा निसटते. सूरह मुज्जम्मिलमध्ये कुरआन ठहरून, तरतीलने पढण्याचा हुकूम आहे. तिलावत आणि वादन यांची बरोबरी आम्ही करत नाही. पण घाईने अर्थ हरवतो, हे मुलांना शिकवताना रोज दिसते.

आपल्या शेजारचेच उदाहरण पाहा. उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतील कैरान्याचे. मिरज त्यांनी आपली केली, मराठी नाट्यपदे गायिली आणि १९३७ साली इंतकाल झाल्यावर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांचा दफन झाला. ती पदे त्यांच्या जन्मभाषेतली नव्हती. स्वर एकेक करून, सबुरीने उलगडण्याची त्यांच्या घराण्याची रीत. त्या मेहनतीने परके आपले झाले. त्याच मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार सतार-तंबोरे घडवू लागले. रक्ताने नव्हे, रियाजाने मिळालेला हा वारसा.

म्हणून आम्हाला वाटते, दुसऱ्याचे दुःख ही मालमत्ता नव्हे, अमानत आहे. ती जवळ ठेवायची तर मालकाचे नाव पुसू नये. टाळ्यांसाठी तिची लय वाढवू नये, खोटा हुंदका मिसळू नये. आणि जो दूरच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या मजुराचे दुःख इतक्या सबुरीने ऐकतो, त्याने आपल्या गल्लीतल्या मजुराचे गाऱ्हाणेही अर्ध्यावर तोडू नये. नाहीतर ती अमानतीत खयानतच.