काँक्रीटच्या पोटातली कैची

जमिनीत खोल उतरलेले चार खांब, म्हणजे पाइल, त्यांच्या डोक्यावर काँक्रीटचा जाड ठोकळा, म्हणजे पाइल कॅप, आणि ठोकळ्याच्या मधोमध उभा कॉलम. कॉलमचा भार पाइलांपर्यंत कोणत्या वाटेने उतरतो? पाइल कॅप फोडून पाहिली तरी वाट काही दिसायची नाही. अभियंता मात्र आत एक कैची आहे असं धरून चालतो. कॉलमपासून चारी पाइलांकडे तिरके उतरणारे पाय, आणि ते फाकू नयेत म्हणून तळाशी पाइलाला पाइल बांधणारे पट्टे. दाब काँक्रीटने सोसायचा, ताण सळ्यांनी.

ही कैची खरी की मानलेली?

प्रश्न वेदान्त्याच्या पंक्तीत बसणारा आहे. अद्वैतातला दोरीवर भासणारा साप दिवा आणताच नाहीसा होतो. कैचीचं उलट आहे. काँक्रीट अखंड असेपर्यंत थोडा ताण तेच पेलतं, सळ्या जवळजवळ निवांत असतात, म्हणजे तोवर कैची निव्वळ कागदावरची. तळाला भेग पडली की ताण सळ्यांवर येतो आणि मानलेलं रूप साकार होऊ लागतं. अर्थात, सळ्या त्या रूपाप्रमाणे मांडलेल्या असतील तर.

1973 मध्ये इंग्लंडमध्ये जे. एल. क्लार्क यांनी चार पाइलांच्या कॅप मोडेपर्यंत दाबून पाहिल्या. काहींत सळ्यांची सारख्या अंतराची जाळी होती. काहींत तेवढंच लोखंड पाइलांवरून जाणाऱ्या पट्ट्यांत एकवटलं होतं. पट्टेवाल्या मांडणीने सुमारे 25 टक्के जास्त भार पेलला. लोखंड तेवढंच, बदलली फक्त जागा! जाळीतल्या मधल्या सळईच्या टोकाशी पाइल नसतो, मग ती कैचीचे पाय थेट बांधणार कशी?

प्लॅस्टिसिटीचं गणित इथे कमालीचं उदार आहे. समतोल साधणारी, कुठेही ताकदीबाहेर न जाणारी एक तरी वाट दाखवा; भार प्रत्यक्षात दुसरीकडून गेला तरी रचना तेवढ्या भाराला कोसळणार नाही. अट एवढीच की साहित्याने तुटण्याआधी लवावं. सळई लवते, काँक्रीट फारसं नाही. त्यामुळे सत्याला अनेक बाजू मानणाऱ्या अनेकान्तवाद्याला आवडेल अशा या मोकळिकीलाही कुंपण आहे.

साइटवर मामला आणखी रोखठोक असतो. पाइलाच्या पुढे पुरेशी न नेलेली, टोक वर न वळवलेली सळई ऐन वेळी सुटते. सगळ्या सळ्या पट्ट्यांत कोंबल्या, तर पाइलाच्या डोक्याशी काँक्रीट घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शिरत नाही आणि मधला भाग सळ्यांविना उघडा पडून भेगा रुंदावतात. म्हणून अनेक अभियंते पट्टे जाड ठेवतात आणि मध्ये हलकी जाळीही टाकतात.