घूस, मोटार आणि मी

अहिंसेवर माझा पूर्ण विश्वास आहे. वयाच्या 67 व्या वर्षापर्यंत मी तो निष्ठेनं सांभाळला, कारण तोपर्यंत कोणी आमची मोटार बिघडवली नव्हती. मोटार म्हणजे माणसं बसून फिरतात ती नव्हे. सोसायटीच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या खोक्यात बसून जी तळटाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते, ती. बारा बिऱ्हाडांच्या आंघोळी तिच्यावर अवलंबून, आणि मी चिटणीस असल्यामुळे ती माझ्यावर अवलंबून.

एका सोमवारी सकाळी बटण दाबलं तर मोटार हूं नाही की चूं नाही. उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पातून वायरमन आला. त्यानं केबल ओढून काढली. तीन ठिकाणी वरचं प्लॅस्टिक कुरतडलेलं आणि आतली तांब्याची तार उघडी पडलेली. मी माझ्या खास हिंदीत म्हणालो, "ये सब घूस का काम है."

तो चमकला. "इसमें किसने घूस खायी, साहब?"

"किसीने खायी नहीं, घूस ने खाया."

"घूस तो सभी खाते हैं," असं म्हणून तो पुन्हा शांतपणे कामाला लागला.

चूक माझीच. हिंदीत घूस म्हणजे लाच. मराठीतली घूस बिळात राहते आणि हिंदीतली टेबलाखाली, पण पोखरण्याच्या बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी. इंग्रजांना या प्राण्याचं नाव तेलुगूतून मिळालं. 'पंदिकोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर. त्याचं त्यांनी 'बँडिकूट' केलं, आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्या एका प्राण्यालाही तेच नाव चिकटवलं. त्या बिचाऱ्याचा आमच्या मोटारीशी काही संबंध नाही.

नवी केबल टाकताना वायरमन म्हणाला, "लोखंडी पाइपातून घालू का? आठशे रुपये जादा पडतील." मी चिटणिशी बाणेदारपणानं म्हणालो, "मीटिंगला विचारावं लागेल."

मीटिंग झाली. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, विषाच्या गोळ्या टाका, विषय संपला. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, गणपतीचं वाहन आहे हो, विष कसलं घालता! बँकवाले म्हणाले, "आजी, वाहन उंदीर. घूस म्हणजे ट्रक." मी मध्ये पडून संत नामदेवांची आठवण करून दिली. कुत्र्यानं भाकरी पळवली तर कोरडी खाऊ नकोस म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आपल्या शहाडात एवढं विठ्ठलाचं मंदिर, आणि आपण विष कालवणार? यावर बँकवाले म्हणाले, "कुत्र्यानं नामदेवांची केबल खाल्ली नव्हती." या मुद्द्याला संतवाङ्मयात उत्तर असलं तर मला ठाऊक नाही.

पाइपाच्या आठशे रुपयांचा विषय शेवटी निघाला. तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई होती.

माझ्यासारख्या भित्र्या माणसाला मारायचं म्हटलं तरी कायद्याचा आधार लागतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. कावळे आणि उंदीर त्यात होते. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली. आता एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचं तर केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढायची. आमच्या अंगणातल्या एका घुशीसाठी दिल्लीला अर्ज करावा, इतका काही आमचा पत्रव्यवहार दांडगा नाही.

शिवाय तिचा गुन्हा तरी काय? उंदराच्या जातीचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. त्यांची पुढची बाजू टणक, मागची मऊ, म्हणून कुरतडताना ते पटाशीसारखे आपोआप धारदार होतात. कुरतडलं नाही तर ते इतके वाढतील की तिला खाताच येणार नाही. म्हणजे आमची केबल हा तिचा फराळ नव्हता, दंतमंजन होतं.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मीटिंगमध्ये सांगण्यासारखी नव्हती.

26 जुलै 2005. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास आणि वालधुनी या दोघी आपापली पात्रं सोडून आमच्याकडे आल्या. रात्री नऊपर्यंत तळमजल्यात छातीभर पाणी. आम्ही सगळे जिन्यात बसलो होतो, एकच मेणबत्ती लावून. मध्यरात्रीच्या सुमाराला पाण्यातून एक घूस वर आली. चांगली किलोभराची, भिजून अर्धी झालेली. ती माझ्या खालच्या पायरीवर बसली. माझा पाय आणि तिची शेपटी यांत वीतभर अंतर. मी पाय मागे घेतला नाही, तिनं शेपटी मागे घेतली नाही. जिन्यात पंधरा माणसं होती आणि चपलाही होत्या, पण कोणी चप्पल उचलली नाही. आमची ही तर हळूच म्हणाली, "थरथरतेय हो." पहाटे पाणी उतरलं तशी ती उठून गेली.

गोष्ट इथं थांबली असती तर मी तिची बोधकथा करून सांगत फिरलो असतो. पण त्याच पुरानंतर मुंबईत आणि आसपास लेप्टोची साथ आली. उंदरांच्या आणि घुशींच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून माणसाच्या पायाच्या जखमेत शिरतात. धडधाकट माणसं गेली त्यात. आमच्या ओळखीतला एक मुलगा गेला, चोवीस वर्षांचा, चार दिवस लोकांना डाळ-तांदूळ वाटत गुडघाभर पाण्यातून हिंडलेला. त्याच्या आईसमोर मी त्या जिन्यातल्या घुशीची गोष्ट कधीही काढलेली नाही. काढणारही नाही.

तेव्हा विषाला माझा हात उठेना, आणि 'राहू दे बिचारीला' म्हणायला जीभ उठेना. अशा वेळी मध्यमवर्गीय माणूस पिंजरा आणतो.

भज्याच्या आमिषाला ती पहिल्याच रात्री आली. पहाटे पिंजऱ्यावर पोतं टाकून मी स्कूटर मुरबाड रोडनं हाणली. म्हारळ मागं पडलं, वरपच्या पुढं नदीकडे जाणारी एक पायवाट दिसली. तिथं थांबलो. समोर कुणाची तरी भाताची खाचरं होती. घुशीला भातही आवडतो, हे मला तिथं उभं राहिल्यावर आठवलं. अहिंसा मी करायची आणि भात शेतकऱ्याचा जायचा, हा हिशेब काही मला जमेना. मी पिंजरा घेऊन जागा बदलत राहिलो. इथं शेत, तिथं घर, पुढं शाळा. कोणाचीच नाही अशी जागा सापडेना.

इतक्यात समोरून मोटारसायकलवर एक गृहस्थ आले. मागच्या सीटवर पोतं, आणि ते पोतं आतून हलत होतं. त्यांनी माझं पोतं पाहिलं, मी त्यांचं पाहिलं.

"कुठून, काका?"

"शहाड. तुम्ही?"

"इथलाच, वरपचा."

"आणि कुठं निघालात?"

ते जरा ओशाळले. "शहाडच्या पुलाखाली सोडतो मी नेहमी. कोणाला त्रास नको म्हणून."

दोघंही थोडा वेळ नदीकडे बघत उभे राहिलो. मग त्यांनी गाडी चालू केली आणि मी पिंजरा उघडला. माझी घूस लगेच बाहेर येईना. मीच उलट "जा बाई" म्हणून विनवणी केली, तेव्हा गवतात गेली.

"सोडलीत?" घरी आल्यावर हिनं विचारलं.

"सोडली. नदीकाठी."

"कोणाच्या?"

मी अंघोळीला गेलो.

पाचव्या दिवशी नवी केबल तुटली. ती वरपची असावी, असा माझा अंदाज आहे. वायरमन आला, केबल हातात घेऊन माझ्याकडे नुसता पाहत राहिला. घुशीवर आम्ही दोन तास धर्म, कायदा, नामदेव आणि गणपती यांच्यासह चर्चा केली होती, ती प्रत्येक बिऱ्हाडामागे सदुसष्ट रुपयांसाठी. विषाची पुडी त्याहून स्वस्त पडत होती, एवढाच काय तो तिचा मोठा मुद्दा. या खेपेला मी मीटिंग बोलावली नाही. पाइप टाकायला सांगितलं, पैसे माझे दिले, आणि पावती फाइलला लावली. ती अजून मंजूर झालेली नाही.

मोटार चालू आहे. रात्री सामसूम झाली की मागच्या अंगणातून लोखंडावर दात घासल्याचा आवाज येतो, कर्र-कर्र, बराच वेळ. ही कूस बदलून म्हणते, "आली वाटतं," आणि मी उठून तळटाकीचं झाकण नीट लागलंय ना ते पाहून येतो.