शेपटी कुठे जोडली?

एमआरएनए लशी आल्यापासून संदेशवाहक आरएनएच्या शेपटीविषयी एक सोपं सूत्र व्याख्यानांतून आणि लेखांतून फिरतं आहे: शेपटी लांब तर संदेश टिकाऊ आणि पेशी ठणठणीत, आखूड तर काहीतरी बिघडलं, बहुधा कर्करोगच. ज्या लशींचा दाखला दिला जातो, त्यांतल्या फायझरच्या लशीतली शेपटी 30 आणि 70 ॲडेनिनच्या दोन तुकड्यांची आहे. आपल्या पेशी केंद्रकात ताज्या संदेशाला साधारण 200 ॲडेनिन जोडतात. म्हणजे सूत्र पहिल्याच पायरीवर अडखळतं. माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. शेपटी किती लांब आणि ती कुठे जोडली, या दोन प्रश्नांची इथे खिचडी झाली आहे, आणि संदेश कोणत्या ऊतकातला, हे कुणी विचारतच नाही.

सुरुवातीचा इतिहास निर्विवाद आहे. 1971च्या सुमारास एडमंड्स, डार्नेल, ब्रॉअरमन यांच्या प्रयोगशाळांना शेपटी सापडली. 1976मध्ये प्राउडफूट आणि ब्राऊनली यांनी ‘एएयूएएए’ ही खूण दाखवली. खुणेपुढे आरएनए कापला जातो आणि शेपटी जोडली जाते. 1980मध्ये मात्र कळलं की एकाच जनुकात कापण्याच्या जागा अनेक असू शकतात. बी पेशी आयजीएम प्रतिपिंडाचा संदेश दूरच्या जागी कापते, तेव्हा प्रतिपिंडाला पेशीपटलात रुतणारा भाग मिळतो आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर राहतं. तीच पेशी प्लाझ्मा पेशी झाली की अलीकडच्या जागी कापते. तो भाग गळतो आणि प्रतिपिंड रक्तात सोडलं जातं. जनुक एकच, कापण्याची जागा बदलली की प्रथिनाचं काम बदललं. पाठ्यपुस्तकांनी हे प्रतिकारसंस्थेचं नवल म्हणून चौकटीत टाकलं आणि पुढचा घोळ तिथून सुरू झाला.

2008मध्ये सँडबर्ग, बर्ज आणि शार्प यांना दिसलं की चेतवलेल्या टी पेशी कितीतरी जनुकांचे संदेश अलीकडे कापतात. प्रथिनाची कृती संपल्यानंतरचा पट्टा त्यामुळे आखूड होतो, आणि मायक्रोआरएनए जिथे बसून संदेश दडपतात त्या जागाच जातात. पुढच्या वर्षी मेयर आणि बार्टेल यांनी कर्करोगाच्या पेशींत तसाच आखूडपणा दाखवला. लोकांनी दुसरा निबंध लक्षात ठेवला आणि पहिला विसरले. सँडबर्ग यांच्या टी पेशी निरोगी होत्या! त्या फक्त वेगाने विभागत होत्या. त्याआधी, 2005मध्येच, बिन तियान यांच्या गटाने मांडलं होतं की मेंदूचा कल दूरच्या जागेकडे असतो, तर रक्त, दृष्टिपटल, अपरा यांचा अलीकडच्या. वृषणातल्या शुक्रजनक पेशींत तर ‘एएयूएएए’ ही प्रमाण खूणच कमी वापरली जाते. या ऊतकांना आजारी म्हणायचं का?

मेंदूला लांब पट्टा का लागतो, हे बीडीएनएफच्या जनुकात दिसतं. उंदराच्या चेतापेशीत त्याचा आखूड संदेश पेशीच्या मुख्य भागात राहतो. लांब पट्ट्याचा संदेश शाखिकांपर्यंत जातो आणि प्रथिन तिथल्या तिथे तयार होतं. प्रथिन दोन्ही संदेशांतून एकच निघतं, फरक पत्त्याचा आहे. म्हणून पट्ट्याची लांबी निरोगीपणाची मोजपट्टी मानणं मला घातक वाटतं.

खुद्द शेपटीच्या लांबीचंही तेच. 2014मध्ये बार्टेल यांच्याच प्रयोगशाळेने मासा आणि बेडूक यांच्या भ्रूणांत पाहिलं की अगदी सुरुवातीला लांब शेपटीच्या संदेशातून प्रथिन जास्त बनतं, पण गॅस्ट्रुलाच्या टप्प्यापासून हा संबंध मावळतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की आयजीएमचं उदाहरण चौकटीतून काढून मुख्य प्रकरणात आणावं. आणि गाठीच्या नमुन्यात आखूड संदेश सापडले, तर निदानाची भाषा करण्याआधी ते त्याच ऊतकातल्या, विभागत असलेल्या निरोगी पेशींशी ताडून पाहावेत.