भूमीचा भोग आणि भोगाची मर्यादा

ज्याची भूमी, त्याचा तिच्यावर सर्वाधिकार, असे लोकव्यवहार मानतो. सातबाऱ्यावर नाव लागले की माती राखावी की संपवावी, हा धारकाच्या मर्जीचा विषय ठरतो. हा समज विचाराच्या कसोटीवर टिकतो काय, ते पाहणे अगत्याचे आहे.

विहीर खोदणारा विहिरीवर अधिकार सांगतो, कारण तिच्यात त्याचे श्रम आहेत. मातीचे तसे नाही. खडक झिजतो, पालापाचोळा कुजतो, गांडुळे व सूक्ष्म जीव अखंड राबतात, तेव्हा कुठे बोटभर सुपीक थर साधतो. त्याला शतके लागतात. खरेदीखताने क्षेत्र मिळते, ती शतके विकत मिळत नाहीत. उताराच्या दिशेने नांगरलेल्या, बांध नसलेल्या शेतातून मात्र तोच थर एखाद्या वळवाच्या सरीत ओढ्याला जातो आणि खालच्या गावाचा तलाव गाळाने भरतो. हानी धारकापाशी थांबत नाही. म्हणून धारकाचा अधिकार भोगापुरता आहे. नाश त्यात येत नाही.

येथे कोणी शंका घेईल की, जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांत भूमी प्रपंचात मोडते. ती जड आहे. जडाविषयी कर्तव्य कसे संभवते? समाधान असे. भूमीला देवता मानून तिची पूजा करावी, असे आम्ही म्हणत नाही. कर्तव्य जीवांविषयी आहे, आणि असंख्य जीव त्या जडाच्या आश्रयाने जगतात. नांगराच्या फाळाखाली जंतू मरतात. शेती करणाऱ्याला ते सर्वथा टाळता येत नाही. परंतु ऊस तुटल्यावर फडातले पाचट पेटवणे अपरिहार्य नाही. त्या आगीत जीवही जळतात आणि मातीला मिळणारे खतही जळते. तेच पाचट सरीत पसरले तर ओल टिकते व कुजून खत होते. टाळता येणारी हिंसा न टाळणे, हा दोष धारकाकडे येतो.

दुसरी शंका अधिक कठीण आहे. कर्जाने गांजलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याने बांध कशाने घालावा? शेजारी रात्रंदिवस विहीर उपसत असता एकट्याने संयम पाळून काय साधेल? ही शंका खरी आहे, आणि केवळ उपदेशाने ती फिटणारी नाही. तिचे उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगावात दिसले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणलोटात बांधबंदिस्ती करून पाणी अडवले आणि पुढे पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की, पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येने द्यावा, दरडोई अर्ध्या एकराला पुरेल इतका. ऊस लावू नये. भूमिहीनालाही हक्क असावा. योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभधारकांनी स्वतः उचलावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि शेतीसाठी कूपनलिकेला बंदी गावाच्या संमतीने पाळली.

या दोन्ही ठिकाणी संयम एकट्याच्या माथी आला नाही. तो सर्वांचा नियम झाला, म्हणून दुर्बलालाही झेपला. जो संयम गरिबाने पाळावा आणि समर्थाने मोडावा, त्याला धर्म म्हणता येत नाही. तो अन्याय होय. म्हणून ज्याच्याकडे अधिक भूमी व अधिक पाणी, त्याने मर्यादा आधी स्वीकारावी.

उपदेशी गृहस्थांपैकी अनेकांचे जीवन शेतीवर चालते. त्यांनी उताराला आडवी नांगरट करावी, बांध व बांधावरचे झाड राखावे, काडीकचरा जाळू नये, आणि गावाच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला असता आपल्या वाट्याची मर्यादा प्रथम बोलून दाखवावी. आपण शेत सोडून जाऊ तेव्हा ते आपल्याला मिळाले त्याहून हलके झालेले नसावे, एवढा हिशेब प्रत्येक धारकाने द्यावयाचा आहे.